सम्राटाचा मूतखडा : तिसऱ्या नेपोलियनची अखेर

लंडनच्या सेंट जेम्स भागातील किंग स्ट्रीटवर एका घराच्या भिंतीला गोल निळी पाटी लावलेली आहे. 1867 साली बसवलेली ही पाटी लंडनमधील अशा स्मृतिफलकांपैकी आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी मानली जाते. ज्याच्या नावाने ती लावली तो गृहस्थ तेव्हा हयात होता, एवढेच नव्हे तर फ्रान्सच्या सिंहासनावर विराजमान होता. त्यानंतर सहा वर्षांनी याच लंडनच्या आग्नेयेस, केंटमधील चिझलहर्स्ट गावी, दोन शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर आणि तिसरीची तयारी चालू असता त्याने प्राण सोडला. त्याचे साम्राज्य प्रशियाच्या तोफांनी बुडवले, हे शाळेतल्या पुस्तकातही असते. मात्र त्या साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांत त्याच्या मूत्राशयात वाढत असलेल्या एका खड्याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

लुई नेपोलियन बोनापार्टचा जन्म 20 एप्रिल 1808 रोजी पॅरिसमध्ये झाला. पहिल्या नेपोलियनचा भाऊ लुई हा त्याचा पिता आणि सम्राज्ञी जोसेफिनची कन्या ओर्तांस ही माता. काकांचे साम्राज्य कोसळले तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्यानंतरचे बालपण आणि तारुण्य स्वित्झर्लंड व जर्मनीत, आईच्या सावलीत गेले. राज्य परत मिळवायचेच या ध्यासापायी त्याने 1836 साली स्ट्रासबूर्ग येथे आणि 1840 साली बुलोन्य येथे उठाव करून पाहिले. दोन्ही वेळा फजिती झाली. दुसऱ्या उठावानंतर त्याला जन्मठेप झाली आणि उत्तर फ्रान्समधील आम येथील दलदलीच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली. तेथील ओलसर हवेने त्याचे शरीर खंगले ते पुन्हा पूर्णपणे कधीच सावरले नाही.

या किल्ल्यात त्याच्याबरोबर एक वैद्य होता. ओर्तांसच्या पदरी असलेला डॉक्टर आंरी कोनो स्वतःची शिक्षा भोगून मोकळा होऊ शकला असता, तरी तो तिच्या मुलाजवळ राहिला. 25 मे 1846 रोजी लुई नेपोलियन गवंडीकाम करणाऱ्या मजुराच्या वेषात, खांद्यावर फळी घेऊन, पहारेकऱ्यांच्या समोरून किल्ल्याबाहेर पडला. त्या दिवशी कोनोने बिछान्यात माणसासारखे बोचके झाकून ठेवले आणि कैद्याने औषध घेतले आहे, त्याला झोपू द्यावे, असे सांगून अधिकाऱ्यांना दिवसभर थोपवून धरले. तोवर कैदी सीमेपार पोहोचला होता. आजाराचे निमित्त सांगण्याचे कौशल्य कोनोपाशी होते. पुढे सव्वीस वर्षांहून अधिक काळ तो या माणसाचा वैद्य राहिला आणि आजार खरा ठरला तेव्हा तो लपवण्याच्या खटाटोपातही त्याचा वाटा होता.

1848 च्या क्रांतीने दैव फिरले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लंडनच्या रस्त्यावर चार्टिस्टांच्या मोर्चाच्या बंदोबस्तासाठी विशेष हवालदार म्हणून हातात दंडुका घेऊन उभा असलेला हा निर्वासित, डिसेंबरमध्ये सुमारे 54 लाख मतांनी फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला. 2 डिसेंबर 1851 रोजी त्याने सत्ता बळकावली आणि बरोबर एका वर्षाने तिसरा नेपोलियन हे नाव धारण करून सम्राटपद स्वीकारले. 1853 साली स्पेनच्या यूजेनी द मोंतिहोशी त्याचा विवाह झाला. ओसमानकरवी त्याने पॅरिसचा कायापालट करवला. रुंद हमरस्ते, उद्याने, शुद्ध पाण्याची व्यवस्था, भुयारी गटारे ही कामे त्याच काळातली. क्रिमियन युद्ध, इटलीची मोहीम, मेक्सिकोचे दुःसाहस, सुवेझ कालवा हे सारे त्याच अठरा वर्षांतले, आणि त्याचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. बाहेरून देदीप्यमान दिसणाऱ्या या राजवटीच्या उत्तरार्धात सम्राट मात्र आतून पोखरला जात होता.

1860 नंतर त्याच्या लघवीच्या तक्रारी वाढू लागल्या. वारंवार लघवीला जावे लागणे, ओटीपोटात आणि शिस्नाच्या टोकाला कळा येणे, मध्येच रक्त जाणे, गाडीच्या हादऱ्याने वा घोडेस्वारीने दुखणे बळावणे ही मूत्राशयातील खड्याची अगदी पाठ्यपुस्तकातील लक्षणे. मूत्रपिंडात तयार होऊन खाली उतरलेला किंवा मूत्राशयातच जन्मलेला खडा लघवीबरोबर बाहेर पडला नाही की तो तेथेच थरावर थर चढवत वाढतो. उभे राहिल्यावर किंवा हादरा बसल्यावर तो मूत्राशयाच्या मुखाशी येऊन टेकतो, लघवीची धार मध्येच तुटते, भिंत घासून रक्त येते. इथपर्यंत वेदना हाच शत्रू असतो. खरा धोका त्यापुढचा आहे. लघवी पुरती बाहेर पडत नाही, तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात, मूत्राशयाचा दाब वर चढत मूत्रवाहिन्यांतून थेट मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. वाहिन्या फुगतात, मूत्रपिंडांचा गाभा त्या दाबाने झिजतो, वरून जंतूंचा दाह. आणि हे सर्व घडत असता रोग्याला बऱ्याचदा खड्याच्या दुखण्याखेरीज वेगळे काहीच जाणवत नाही.

1865 साली शालोंच्या लष्करी छावणीत सम्राटाला जोराची कळ आली. तपासणीसाठी बॅरन इपोलीत लारे यांना बोलावण्यात आले. त्यांचे वडील पहिल्या नेपोलियनचे विख्यात लष्करी शल्यविशारद होते. लारे यांनी खड्याची शंका व्यक्त केली. सम्राटाने ही गोष्ट बाहेर फुटू नये अशी ताकीद दिली. राजवट एका माणसाच्या प्रकृतीवर उभी असते तेव्हा प्रकृतीही राज्याचे गुपित होते. रोखेबाजार, परदेशी वकिलाती, विरोधी पक्ष यांचे कान टवकारलेले होते आणि राजपुत्र अवघा नऊ वर्षांचा होता. विशीच्या औष्णिक झऱ्यांचे पाणी, विश्रांती, वेदनाशामके यांवर दिवस काढले गेले. सम्राटाला संधिवात आहे, मूळव्याधीचा त्रास आहे, असे सांगितले जाई. या दोन्ही गोष्टी खऱ्याही होत्या, त्यामुळे त्यांच्या आड तिसरी गोष्ट दडवणे सोपे गेले.

भीतीलाही कारण होते. 1869 च्या ऑगस्टमध्ये युद्धमंत्री मार्शल नील मूत्राशयातील खड्यावरील शस्त्रक्रियेनंतर दगावला. प्रशियाशी टक्कर द्यायची तर फ्रेंच सैन्याची पुनर्रचना हवी, हे ओळखून ती हाती घेतलेला हाच मंत्री. त्याच्या मृत्यूने सैन्याचे नुकसान झाले आणि सम्राटाच्या वैद्यांच्या हातापायांतले बळही गेले, असे अनेकांचे मत आहे. रोग्याचा जीव गेला तर राजवट जाईल, ही जबाबदारी आपल्या शस्त्रावर कोण घेणार? सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या शस्त्रक्रियेपूर्वी धन्याची अनुज्ञा घ्यावी असे सांगितले आहे, कारण उपचार न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयास्पद. येथे तर धनी आणि रोगी एकच होता.

1870 च्या जुलै महिन्याच्या आरंभी पॅरिसमधील पाच नामांकित वैद्य एकत्र आले : नेलातों, रिकोर, फोव्हेल, कोर्व्हिसार आणि जर्मेन से. नेलातों हा त्या काळातील अग्रगण्य शल्यविशारद होता. गॅरिबाल्डीच्या पायात रुतलेली गोळी ज्या चिनीमातीच्या टोकाच्या सळईने शोधली गेली ती त्याचीच. से मात्र ठाम होता. त्याने खड्याचे निदान निःसंदिग्धपणे मांडले आणि मूत्राशयात सळई घालून ताबडतोब खात्री करून घ्यावी असा आग्रह धरला. ज्येष्ठांना घाई नको होती. कळा थोड्या कमी झाल्या आहेत, उन्हाळा जाऊ द्यावा, मग पाहू, असा सूर निघाला. सेने आपला अभिप्राय लिहून काढला. त्यावर सर्वांच्या सह्या व्हायच्या होत्या. झाली ती एकट्या सेचीच. तो कागद कोनोच्या हाती गेला आणि तेथेच थांबला.

त्याच दिवसांत स्पेनच्या गादीवर होहेनझोलर्न घराण्याचा राजपुत्र बसणार ही बातमी पॅरिसला पोहोचली होती. पुढील दोन आठवड्यांत संतापाचा भडका उडाला आणि 19 जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारले. सम्राटाला तासभर घोड्यावर बसणेही अशक्य आहे, हे त्याच्या मंत्र्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? सेचा कागद सम्राज्ञीला दाखवला गेला होता की नाही यावर पुढे बराच वाद झाला. आपल्याला तो नंतरच समजला असे तिचे म्हणणे होते. वैद्यकीय गोपनीयता आणि राज्याची सुरक्षा यांतील सीमारेषा इतक्या महागात क्वचितच पडली असेल.

28 जुलैला सम्राट चौदा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन आघाडीकडे निघाला. सारब्रुकेनच्या पहिल्या चकमकीत त्याला घोड्यावरून उतरून झाडाचा आधार घ्यावा लागला, असे त्याच्या सेनापतींपैकी एकाने नमूद करून ठेवले आहे. पराभवामागून पराभव येऊ लागले. ऑगस्टच्या मध्यास त्याने सेनेचे आधिपत्य सोडले. पॅरिसला परतावे तर हरलेल्या सम्राटाचे तेथे स्वागत होणार नव्हते. सेनापतीपद नाही, राजधानीची वाट नाही, अशा अवस्थेत तो मॅकमोहनच्या सैन्यामागून गाडीत बसून फिरत राहिला. लघवीतून रक्त जात होते आणि ताप येत होता.

1 सप्टेंबर 1870 रोजी सेदान येथे फ्रेंच सैन्य चहूबाजूंनी वेढले गेले. त्या दिवशी सम्राट घोड्यावर चढला आणि कित्येक तास तोफगोळ्यांच्या माऱ्यात फिरला. मधून मधून त्याला उतरावे लागे. त्याने मरण शोधले असे त्याचे चाहते म्हणतात. विरोधकांना ते मान्य नाही. मूत्राशयात खडा घेऊन खोगिरावर काढलेल्या त्या तासांविषयी मात्र दोन्ही पक्षांना शंका नसावी. दुपारी त्याच्या हुकमाने पांढरे निशाण चढले. दुसऱ्या दिवशी ऐंशी हजारांहून अधिक सैनिकांसह तो प्रशियाच्या स्वाधीन झाला. 4 सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली.

कासेलजवळच्या विल्हेल्म्सहोए राजवाड्यात सहा महिने नजरकैद भोगून 20 मार्च 1871 रोजी तो चिझलहर्स्टच्या कॅम्डन प्लेस या वाड्यात दाखल झाला. यूजेनी आणि राजपुत्र तेथे आधीच आले होते. आज त्या वास्तूत गोल्फ क्लब आहे. निर्वासित सम्राटाचे दिवस वरवर शांत होते. गावच्या मैदानावर तो फेरफटका मारी, क्रिकेट पाही, राणी व्हिक्टोरिया भेटीस येई. आत मात्र पुन्हा फ्रान्समध्ये उतरण्याचे बेत शिजत होते. सैन्याच्या अग्रभागी घोड्यावर बसून पॅरिसमध्ये शिरायचे, अशी कल्पना होती असे सांगतात. बोनापार्टला गाडीत बसून सिंहासन मिळत नाही. 1872 च्या हिवाळ्यात राजपुत्र वूलिचच्या लष्करी विद्यालयात दाखल झाला, तेव्हा तेवढ्या जवळच्या अंतरावरही घोडेस्वारी झेपत नाही हे सम्राटाच्या ध्यानी आले. पाच-सात वर्षे टाळलेला निर्णय आता घेणे भाग होते.

सर विल्यम गल आणि सर हेन्री थॉम्पसन यांना पाचारण करण्यात आले. थॉम्पसन हा या विषयातील युरोपातील पहिल्या प्रतीचा हात. मूत्रमार्गातून लांब, बारीक दुहेरी जबड्याचे उपकरण आत सरकवायचे, खडा चिमटीत पकडायचा आणि चिरडून त्याचे तुकडे करायचे, या लिथोट्रिटी नामक पद्धतीचा पाया 1824 मध्ये पॅरिसमध्ये सिव्हियालने घातला होता. त्याआधी खडा काढायचा म्हणजे गुदद्वार आणि वृषण यांमधल्या जागी चिरा देऊन मूत्राशयात शिरणे, हाच प्रमुख मार्ग होता. थॉम्पसनने सिव्हियालकडेच या कलेचे धडे गिरवले होते आणि 1863 साली बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याला, दस्तुरखुद्द सिव्हियालला न साधलेला, आराम मिळवून दिला होता. एका राजाला बरे केलेला हात दुसऱ्या सम्राटासाठी साहजिकच निवडला गेला.

डिसेंबरच्या अखेरीस क्लोरोफॉर्म देऊन तपासणी झाली. सळईला कठीण वस्तू लागली. खडा होता आणि मोठा होता. 2 जानेवारी 1873 रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याचे काम जोसेफ क्लोव्हरकडे होते. भूलशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. थॉम्पसनने खडा पकडला, चिरडला, काही चुरा निघाला. त्या काळची रीत अशी की एका बैठकीत थोडेच चिरडायचे, उपकरण फार वेळ आत ठेवायचे नाही, आणि उरलेले तुकडे रोग्याने दिवसागणिक लघवीवाटे बाहेर टाकायचे. हीच या पद्धतीची लंगडी बाजू होती. अणकुचीदार तुकडे आधीच सुजलेल्या मूत्राशयाला टोचत राहत, वाटेत अडकत, लघवी तुंबवत, आणि प्रत्येक खेपेस आत गेलेले उपकरण तुंबलेल्या लघवीतील जंतूंना रक्ताची वाट मोकळी करून देई. लिस्टरचे जंतुनाशनाचे विचार प्रसिद्ध होऊन सहा वर्षेच झाली होती.

6 जानेवारीला दुसरी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर वेदना वाढल्या, सम्राट गुंगीत राहू लागला. वैद्यांना चिंता वाटली, तरी नाडी ठीक होती. तिसरी बैठक 9 जानेवारीला दुपारी ठरली. आदल्या रात्री झोपेसाठी क्लोरल देण्यात आले. ते घेण्यास रोगी नाखूष होता, असे नोंदलेले आहे. सकाळी थॉम्पसनने पाहिले तेव्हा प्रकृती बरी वाटली. साडेदहाच्या सुमारास एकाएकी नाडी खालावली. यूजेनी वूलिचला मुलाकडे निघण्याच्या बेतात होती, तिला परत बोलावण्यात आले. गावच्या कॅथलिक चर्चचे धर्मगुरू आले. पलंगाशी कोनो उभा होता. आमच्या किल्ल्यात खोटा रोगी सजवणारा तोच. ग्लानीत असलेल्या सम्राटाने त्याला सेदानविषयी विचारले, तू तेथे होतास ना, अशा अर्थाचे काहीतरी. पावणेअकराला सारे संपले. वूलिचहून धावत आलेल्या मुलाला बापाची जिवंत भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झाले. ते बर्डन सँडरसन या शरीरशास्त्रज्ञाने केले. मूत्राशयात खड्याचा उरलेला भाग होता. त्याच्या आकारावरून सुमारे निम्मा भाग काढला गेल्याचे दिसत होते, आणि तरीही त्या अवशेषाचे वजन पाऊण औंसाच्या आसपास भरले. परंतु सर्वांना हादरवले ते मूत्रपिंडांनी. दोन्हींच्या वाहिन्या फुगलेल्या होत्या. डावे मूत्रपिंड झिजून गेले होते. दाह इतका पुढे गेलेला होता की त्याची शंका बाहेरून कोणाला आली नव्हती, आणि आली असती तरी खात्री करण्याचे साधन नव्हते, असा निष्कर्ष तेथे हजर असलेल्या वैद्यांनी काढला. पॅरिस आणि लंडनच्या वृत्तपत्रांत मग पुढील कित्येक आठवडे दोषारोप चालले. थॉम्पसनने घाई केली, गलने अधिक खोलात जायला हवे होते, क्लोरल जास्त झाले, आणि सर्वांवर कडी म्हणजे 1870 चा सेचा कागद उजेडात आला. 1865 मध्ये, किंवा निदान 1870 च्या जुलैत, खडा लहान आणि मूत्रपिंडे शाबूत असताना हेच उपकरण याच हातात असते तर? थॉम्पसनच्या बाजूने एवढे म्हणावेच लागेल की त्याला रोगी मिळाला तो दहा वर्षे उशिराने.

आजचा मूत्रविकारतज्ज्ञ असा रोगी पाहील तेव्हा खड्याला हात लावण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन, सोनोग्राफी, लघवीतील जंतूंची तपासणी मागेल. मूत्रपिंड तुंबलेले आणि जंतूंनी भरलेले आढळले तर आधी तुंबलेली लघवी बाहेर काढील. त्यासाठी मूत्रवाहिनीत स्टेंट घालील किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी बसवील. प्रतिजैविके देऊन ताप उतरवील आणि खडा फोडण्याचा विचार त्यानंतर करील. जंतुसंसर्ग असताना खडा फोडल्यास विष रक्तात भिनून काही तासांत मृत्यू ओढवू शकतो, हे आज प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षातच शिकवतात. 1873 साली क्ष-किरणांचा शोधही बावीस वर्षे दूर होता.

बैठकांचा खेळ मात्र लवकरच संपला. 1878 साली बोस्टनच्या हेन्री बिगेलोने रुंद नळी आणि रबरी फुग्याचे शोषणयंत्र वापरून एकाच बैठकीत खडा पूर्ण चिरडून चुरा धुऊन काढण्याची पद्धत मांडली. तिची मोठी कसोटी लागली ती हिंदुस्थानात, जेथे मूत्राशयातील खडे लहान मुलांतही सर्रास आढळत. इंदूरच्या रेसिडेन्सीतील शल्यविशारद कीगनने ती लहान मुलग्यांवर यशस्वी करून दाखवली, तेव्हा इतक्या अरुंद मूत्रमार्गातून हे शक्य आहे यावर लंडनच्या वैद्यांचा प्रथम विश्वास बसला नव्हता. होळकरांच्या राजधानीतील अनामिक मुलांना जे मिळाले ते फ्रान्सच्या सम्राटाला दहा वर्षांच्या अंतराने हुकले.

15 जानेवारी 1873 रोजी चिझलहर्स्टच्या सेंट मेरी चर्चमध्ये अंत्यविधी झाला. खाडी ओलांडून आलेल्या फ्रेंच माणसांनी ते छोटे गाव भरून गेले होते. पुढच्याच वर्षी हेन्री थॉम्पसनने इंग्लंडमध्ये दहनसंस्काराच्या प्रसारासाठी संस्था स्थापन केली आणि ख्रिस्ती समाजाचा रोष ओढवून घेतला. तो प्रकार हिंदू वाचकांना कुतूहलाचा वाटावा. कोनो 1877 साली कॉर्सिकात वारला. राजपुत्र इंग्रज सैन्याबरोबर आफ्रिकेत गेला आणि 1 जून 1879 रोजी झुलूंच्या भाल्यांना बळी पडला. एकट्या उरलेल्या यूजेनीने हॅम्पशरमधील फार्नबरो येथे मठ बांधला आणि 1888 साली पती व पुत्राच्या शवपेट्या तेथील तळघरात हलवल्या. ती स्वतः 1920 सालापर्यंत जगली. सेदानचा बदला घेतला गेलेला पाहून, चौऱ्याण्णवाव्या वर्षी माद्रिदमध्ये तिचे निधन झाले आणि तिची पेटीही फार्नबरोला आणण्यात आली.